चेटकिणीची धून

लग्नात आपण मांडवात कोणत्या गाण्यावर येणार, हे माझ्या भाचीने शाळेत असतानाच ठरवलं होतं. जादूने रूप पालटून जग वाचवणाऱ्या मुलींची एक जपानी कार्टून मालिका ती रोज बघायची. तिचंच शीर्षकगीत हवं होतं. धुळ्याच्या बॅन्डकडून ते बसवून घ्यायचं काम मामा म्हणून मी छाती फुगवून घेतलं.

मालिकेच्या संगीताचा अख्खा अल्बम मोबाइलवर सापडला, पण गाण्यांची नावं जपानीत. मी सरळ सगळ्यात दणदणीत धून निवडली. बॅन्डमास्तर खूश झाले.

हळदीच्या दिवशी तालीम ऐकून भाची मटकन खाली बसली. "मामा, ही चेटकिणीची धून आहे. ती आली की अख्खं गाव काळवंडतं."

"पण वाजते झकास."

"मग सासूबाई येतील तेव्हा वाजवा."

खरं गाणं घेऊन मी बॅन्डमास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते म्हणाले, "भाऊ, एक दिनमा नवं गानं बसत नही."

"दोन ओळी तरी बसवा. त्याशिवाय मी उठत नाही."

क्लॅरिनेटवाल्याला मी त्या गुणगुणून दाखवत राहिलो. माझा आवाज बंद व्हावा म्हणून असेल, पण जेवणाआधी त्याने त्या ओळी पकडल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा वाजल्या. भाची हसत स्टेजपर्यंत पोचेस्तोवर मी क्लॅरिनेटवाल्याच्या शेजारून हललो नाही. तो थांबला असता तर पुढचं मी गाणार होतो, आणि हे त्याला माहीत होतं.