नातीसाठी नवे पट्टे

जुनी गाडी म्हणजे निवृत्त मेकॅनिक आप्पांचा जीव की प्राण. लांब राहणाऱ्या लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, मागच्या सीटचे पट्टे अजून तेच कुजके ना? रजा मिळाली की येऊ आम्ही, पण तुमच्या नातीला त्या गाडीत बसवणार नाही हं!"

आप्पांनी लगेच मागची सीट काढली. गंजलेले बोल्ट हटता हटेनात, म्हणून तेल सोडून दिवसभर वाट पाहिली आणि नवे पट्टे घट्ट आवळले.

पण लेकीची रजा यंदाही नामंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बायकोलाच मागे बसवून पट्टा लावला.

"या वयात मी कुठे पळून जाणार आहे?" ती हसली.

"हिसका देऊन बघ."

पट्टा पक्का होता. दोघं गावाबाहेरपर्यंत फिरून आले. आरशात तिच्या शेजारची रिकामी जागा आप्पांना काही केल्या टाळता येईना.