सौरवादळाचे वेध

सूर्यावर मोठा स्फोट झाला तेव्हा मला सातवा महिना होता. याआधीचं एक बाळ पाचव्यातच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. टीव्हीवरची मुलगी सांगत होती, सौरवादळ पृथ्वीकडे निघालंय, उपग्रह बंद पडू शकतात, वीज जाऊ शकते. सासूबाईंनी आवाज कमी केला आणि मला, म्हणजे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सुनेला विचारलं, "स्पर्श किती वाजता?"

मी म्हटलं, आई, हे ग्रहण नाही. त्यांनी पंचांग उघडलं. त्यात काहीच दिलेलं नाही म्हटल्यावर त्या जास्तच घाबरल्या.

चुकीचं काही ऐकलं की मला समजावल्याशिवाय राहवत नाही. तिथेच मी माती खाल्ली. "उजेड आठ मिनिटांत येतो, कण मागून एकदोन दिवसांनी पोचतात," असं मी सांगितलं. "म्हणजे एकदोन दिवसांचे वेध," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. अर्धी कैरी तशीच राहिली. "त्रास विजेच्या लांब तारांना होतो, माणसांना नाही," असं म्हटलं, तर फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर आणि वायफायच्या डब्यावर दर्भाची एकेक काडी आली. माझ्या फोनवर तुळशीचं पान. फोन वाजला की पान थरथरायचं आणि त्या म्हणायच्या, "बघ!"

नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. शिफ्टला निघताना त्यालाही एक काडी मिळाली. "तिथं कुठंतरी ठेव रे." त्यानं निमूटपणे ती हेल्मेटमध्ये खोचली. मी म्हटलं, अरे, तू तरी सांग त्यांना. तो म्हणाला, "तू समजावलंस तेवढं पुरे झालं."

मग त्र्यंबकेश्वरच्या ओळखीच्या गुरुजींना फोन गेला. गुरुजी मुरलेले. पंचांगात नाही, पण पाळलं तर बिघडत नाही, म्हणाले. आणि मोक्ष कधी? "ते सूनबाईंना विचारा, त्यांचा विषय आहे." अशी मी एमएस्सी करून आमच्या घरची ग्रहण-अधिकारी झाले. दर तासाला विचारणा व्हायची, "आता कुठवर आलंय?" आणि मी खरंच मोबाइलवर बघून सांगायची.

पडदे ओढलेले, मे महिन्याचा उकाडा. चिरायचं नाही, शिवायचं नाही, कपड्यांच्या घड्यासुद्धा घालायच्या नाहीत. गरोदर बाईला फळं चालतात म्हणून मला चिकू मिळाले, तेही न चिरता. सासूबाईंनी स्वतः मात्र जेवण सोडलं, चहासुद्धा सोडला. चहा सोडलेल्या माझ्या सासूबाई हा सौरवादळाचा पृथ्वीवर झालेला सर्वांत भयंकर परिणाम होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या पोटावरून ओवाळून टाकायला मीठमोहरी घेऊन आल्या आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलेच, "या सगळ्याचा बाळाशी काय संबंध? मागच्या वेळी कुठलं ग्रहण होतं?"

त्या मूठ तशीच मिटून उभ्या राहिल्या.

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाचं पंचांग मी पान न् पान पाहिलंय. काहीच नव्हतं. मग म्हटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार. पंचांगात नसलेलंही असतं, हे तेव्हा कुणी मला सांगितलं असतं ना, तर मी तुला दाराबाहेर पडू दिलं नसतं."

डॉक्टरांनीही तेव्हा कारण सापडलं नाही, एवढंच सांगितलं होतं. मी ते रिपोर्ट घेऊन आणखी तिघांकडे गेले होते. मला वाटायचं, कारण शोधत हिंडणारी या घरात मी एकटीच.

मोबाइल न बघताच मी म्हटलं, "सुटलं, आई."

"नक्की?"

"नक्की. मागचंही सुटलं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

त्यांनी दोरीवरची साडी ओढली आणि मोक्षाची अंघोळ करायला गेल्या. बादली केव्हाच भरून वाहायला लागली होती, तरी नळ बंद होईना. पाण्याच्या आवाजात त्या मोठमोठ्यानं रडत होत्या. मी पोट सांभाळत दाराबाहेर फरशीवर बसले आणि त्यांचं होईपर्यंत तिथेच रडत राहिले.