मी उचललेले दगड : बारामती ते इंदापूर, आतल्या रस्त्यानं

शनिवारी जेवताना मनीषानं जाहीर केलं, "उद्या मी भाकरी थापणार नाही. कुठं नेताय ते सांगा."

"इंदापूर," मी म्हणालो. "उजनीची चिलापी खाऊ."

झालं, ठरलं. बारामती एमआयडीसीत आठवडाभर मशिनचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला रविवारी आणखी काय लागतं? टाकी भरलेली, बायको खुशीत आणि थंडी नुकती पडायला लागलेली. त्या दिवशीचा माझा छोटा व्हिडिओ पाहून ज्यांनी मला 'सलाम' ठोकले, 'असे नागरिक हवेत' असं लिहिलं, त्यांना विनंती आहे की हे शेवटपर्यंत वाचा. तुमच्या सलामाची मला लाज वाटते. का, तेच सांगतो.

तर सकाळी ऊन अंगाला लागायच्या बेतात निघालो. इंदापूरला जायला मोठा रस्ता आता चांगला रुंद झालाय, पण त्यावर मोटारसायकल चालवणं म्हणजे कामावर जाण्यासारखंच. पिंपळी मागं पडल्यावर मी गाडी आत घातली. आतले रस्ते अरुंद असले तरी डांबर बरं आहे. दोन्हीकडं ऊस, मधेच ज्वारी, मधेच कालव्याचं पाणी. जॅकेट हवंच, हातमोजेही. कारखाने सुरू असल्यानं उसाच्या ट्रॉल्या सारख्या भेटतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं असेल तर घाई करू नका, त्याला मागचं काही दिसत नाही आणि गाणी लावलेली असल्यानं ऐकूही येत नाही.

एका फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवाल्यानं आमच्या हेल्मेटांकडं पाहून विचारलं, "कुणीकडं स्वारी?"

"इंदापूरला. मासे खायला."

"मासं खायाला एवढं लांब?" तो मनीषाकडं बघत म्हणाला, "वहिनी, घरात गॅस संपलाय का भांडान झालंय?"

मनीषा इतकी हसली की चहा सांडला. मलाही मजा आली. सकाळपासून सगळं कसं मनासारखं चाललं होतं, आणि असं चाललं की माझ्या अंगात उपदेश करायची खुमखुमी येते. नेहमीचे वाचक ती ओळखून आहेत. सायलेन्सर काढून फिरणारी पोरं, रस्त्यात म्हशी, गतिरोधक रंगवलेले नसणं, माझं तोंड कशावरच बंद राहत नाही.

पुढं एका गावाच्या अलीकडं (नाव मुद्दाम लिहीत नाही) रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागात दगड मांडलेले दिसले. चांगले डोक्याएवढे, ओळीनं, आणि मधे बाभळीची एक फांदी. कडेला मक्याचा भुसा उडत होता. मला कळायला वेळ लागला नाही. म्हणजे असं मला वाटलं. आपल्याकडं मका, बाजरी रस्त्यावर वाळत घालतात, त्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून दगड लावतात. मका भरून घरी जातो, दगड तिथंच राहतात आणि मग अंधारात कुणीतरी त्यावर आपटतो. यावर मी पूर्वी एक लांबलचक लेख लिहिलेला आहे.

मी गाडी लावली. "मनीषा, मोबाईल काढ. शूटिंग कर."

"अहो, राहू द्या की. कुणी ठेवलेत तर कशासाठी तरी ठेवले असतील," ती म्हणाली. पण मोबाईल धरला.

मी एकेक दगड उचलून रस्त्याकडेच्या चरात ढकलला, फांदी फेकून दिली, हात झटकले आणि कॅमेऱ्याकडं बघून भाषण ठोकलं. खालची जमीन पाहिली का? पाहिली असती तर डांबराला आडवा छेद दिसला असता. वर धूळ बसली होती आणि माझं लक्ष मोबाईलकडं होतं. गाडी उजव्या कडेला लावलेली होती, आम्ही तिथूनच पुढं निघून गेलो.

निमगाव केतकीला थोडं थांबून इंदापूर गाठलं. तिथल्या जेवणाबद्दल सांगायलाच हवं. साधं हॉटेल, पत्र्याचं छप्पर, तव्यावर मसाला लावून भाजलेली चिलापी, बाजरीची भाकरी आणि रस्सा असा की नाकातून पाणी. दोघं पोटभर जेवलो तरी पाचशेच्या आत भागलं. काटे जपून, गप्पा मारत खायचा मासा नव्हे हा. जेवण येईपर्यंत मी तो व्हिडिओ टाकला होता. ताटं उचलेपर्यंत तुमचे सलाम यायला लागले. मी ते मनीषाला वाचून दाखवत होतो. बोटाला रस्सा लागलेला असताना एका हातानं अंगठे मोजत होतो, इतका मी खूश होतो.

उजनीचं पाणी लांबूनच पाहिलं आणि ऊन कलताना परत निघालो. सकाळचाच रस्ता धरला.

दगडांच्या जागी गर्दी होती.

रस्त्यात मोटारसायकल आडवी पडलेली, दुधाचे कॅन एका बाजूला कलंडलेले, डांबरावरून पांढरा ओघळ चरात गेलेला. कडेला एक म्हातारा गृहस्थ पाय धरून बसले होते. गावोगावचं दूध गोळा करून डेअरीला घालणारे. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांचं पुढचं चाक रस्त्यातल्या एका खोल खाचेत गेलं होतं. खाच नेमकी तिथं, जिथून मी दगड काढले होते.

पंचेचाळिशीचा एक माणूस चिखलाच्या पायांनी उभा होता आणि तात्यांचा पुतण्या त्याच्यावर ओरडत होता.

"रशीदभाई, पाईप टाकायला परवानगी दिली ती चूक झाली! मुरूम बसस्तवर दगडं लावायचं ठरलं व्हतं का न्हाय?"

"लावली व्हती, बाळासाहेब. सकाळीच लावली. बाभळीची फांदी बी ठेवली व्हती."

"मग काय दगडांना पाय फुटले? उद्याच्याला पाईप उपटून टाकायचा. बास."

"आरं, पलीकडं फ्लॉवर हाय माझा. पाणी न्हाय मिळालं तर जळंल सगळा."

तेव्हा कुठं मला कळलं. रशीदभाईची विहीर रस्त्याच्या एका बाजूला आणि फ्लॉवरचं रान दुसऱ्या बाजूला. रस्ता कापून पाईप टाकला होता, वर मुरूम भरला होता. सकाळी आम्ही गेलो त्या अर्ध्यातला मुरूम बसला होता, दगडांखालचा कच्चा होता आणि दगड गेल्यावर गाड्यांखाली खचला. असा भराव पक्का बसेपर्यंत त्यावर दगड नि फांदी ठेवतात. इथं प्रत्येकाला ते ठाऊक असतं. दगड दिसले की गाड्या पलीकडून जातात. दुसऱ्यानं ठेवलेला दगड कुणी हलवत नाही.

आणि मी काय केलं? तात्यांना पाणी दिलं. त्यांची गाडी उभी केली. रुमाल भिजवून गुडघ्याला बांधला. "दवाखान्यात न्यायला टेम्पो बोलावलाय," कुणीतरी म्हणालं, "पर साहेब देवासारखं आलं." मी मान हलवली. रशीदभाईकडं बघायचं टाळलं. मग गाडीवर बसून किक मारली. हे लिहितानाही कान तापतात माझे, पण मी खरोखर किक मारली.

मनीषा बसली नाही.

"बस," मी हळू म्हणालो.

"तुम्ही जावा. मी मागनं एसटीनं येते."

एवढंच बोलली ती. मी गाडी बंद केली आणि परत गर्दीत गेलो. "दगड मी काढले," म्हणालो.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाळासाहेब हसला. "साहेब, तुमी चांगलं मानूस हाय. भांडान मिटवायला बोलताय, ते कळतंय आमाला."

"खरंच मी काढले. सकाळी."

"बघा रशीदभाई," तो वळून म्हणाला, "तुमच्यापायी परका मानूस खोटं बोलायला लागला. काय शिकीवलं त्येला?"

रशीदभाईचा चेहरा पडला. माझ्या खऱ्यानं त्याचं आणखी खोटं ठरलं होतं. एकच उपाय उरला. मी मोबाईल काढला आणि तो व्हिडिओ लावला.

डोकी गोळा झाली. माझा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "मंडळी, बघा आपल्या लोकांची अक्कल! मका उचलायचा, दगड मात्र तसेच. रस्ता म्हणजे ह्यांच्या बापाचं खळं! यांना कधी कळायचं?" मागून मनीषाचं "राहू द्या की." मग माझं हसू. फ्लॉवरला पाणी देऊन चिखलानं भरलेल्या पायांनी उभा असलेला माणूस ते ऐकत होता, आणि मला धरणी ठाव देईल तर बरं असं झालं होतं. बंद करावं म्हणून मी बोट नेलं.

"ऱ्हाऊ द्या," तात्या खालून म्हणाले. "मला बी दावा."

मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. मग पाय धरूनच म्हणाले, "बोलता झ्याक तुमी."

कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर सोपं झालं असतं. बाळासाहेब खाली बघत रशीदभाईला म्हणाला, "चुकलं माझं." रशीदभाई चरात उतरला आणि दगड वर आणायला लागला. मीही उतरलो, एक दगड उचलायला वाकलो.

"नका," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "तुमी हात लावू नका. आमचं आमी ठेवतो."

मी वाकलेला सरळ झालो. तात्यांना टेम्पोत चढवेपर्यंत हात कुठं ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

अंधार पडताना घरी पोचलो. दारात गाडी लावल्यावर मी म्हणालो, "व्हिडिओ काढून टाकतो."

"काढू नका," ती म्हणाली. "खाली खरं लिहा." म्हणून हे लिहायला घेतलं, आणि आठवडाभर एक ओळ जमली नाही.

पुढच्या रविवारी एकटाच गेलो. तात्यांच्या पायाला प्लास्टर होतं. त्यांनी "या" म्हटलं, चहा आला. दूध कोण गोळा करतंय, मी विचारलं. रशीदभाईच करत होता, सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या गाडीवर. "पाय बरा होईस्तवर रविवारी मी येतो," मी म्हणालो. "काय काम असेल ते सांगा."

तात्यांनी जरा विचार केला. "दूध घालनारी घरं तुमाला म्हाईत न्हाईत," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. च्या घ्या, गार हुतोय."

मी चहा संपवला आणि निघालो.

येताना तिथं गाडी हळू केली. दगड ओळीनं होते, फांदी ताजी होती, आणि पहिल्या दगडावर चुन्यानं लिहिलं होतं, 'दगड हलवू नये'. मी पलीकडच्या बाजूनं निघून आलो.

घरी आल्यावर मनीषाला ते सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. त्या गावात असलं काही लिहावं लागत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. ती अक्षरं एकट्या माझ्यासाठी काढलेली होती.