उरलेला एकच शब्द

हे मी कुणापुढं बोललेले नाही — महेशपुढं तर नाहीच, आणि तो माझा पोटचा मुलगा. तुम्हाला सांगते.

आमच्या गावात, अंथुर्ण्यात, माझ्या नवऱ्याच्या गोड बोलण्याचं कोण कौतुक! कुणाचंही लग्न असो, माइक यांच्याच हातात. आणि घरात? घरात मला नावच नव्हतं. चहा निवला — अवदसे. दार वाजलं — अवदसे. तीस वर्षं. माहेरी सांगितलं, तर आईच म्हणाली, एवढा गोड माणूस, तुझंच काहीतरी चुकत असेल.

मग यांना झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली, लिहिणंही गेलं. एक शब्द तेवढा उरला. कोणता, ते सांगायला हवं का? भेटायला आलेल्या सरपंचांना रामराम घालायला गेले आणि तोंडातून "अवदसे" आलं. यांचे डोळे भरले. मी चहा टाकायला म्हणून आत गेले — आणि हसले. पोटभर हसले. ऐका आता सगळ्यांनी!

बारामतीच्या डॉक्टरांनी समजावलं — सवयीचा शब्द आपोआप येतो, मनातला अडकतो. डोक्याला चुंबकाचं यंत्र लावायचं आणि लगेच चित्रं दाखवून बोलायचा सराव घ्यायचा. गुण येईलच असं नाही, पण सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. फिट आली तर मात्र थांबवायचं. महेश लोणी देवकरच्या कारखान्यातून रजा काढून आम्हाला न्यायचा.

एके दिवशी सराव घेणाऱ्या बाईंनी पेल्याचं चित्र दाखवलं. महेश बाहेर औषधं आणायला गेला होता. हे कितीतरी वेळ नुसते ओठ हलवत राहिले, मग म्हणाले — "पाणी." अगदी स्पष्ट. माझ्याकडं वळून हसले.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण मनात आलं, हा माणूस पुन्हा गोड बोलणार — आणि पुन्हा मीच खोटी पडणार.

दुसऱ्या दिवशी मी महेशला म्हणाले, "रात्री यांना फिट आली. न्हाय न्यायचं आता." डॉक्टरांनीही फोनवर थांबवायला सांगितलं.

फिट आलीच नव्हती.

हे समोरच बसले होते. जोरजोरात मान हलवली, महेशचा हात घट्ट धरला, सांगायला तोंड उघडलं — आणि आलं काय? "अवदसे!"

"आण्णा, आई तुमच्यासाठी एवढं करती, अन तुमी तिलाच शिव्या देता व्हय?" महेश ओरडला.

मी मान खाली घातली. सोसणाऱ्या बाईसारखी.

त्याला आता चार वर्षं झाली. यांनी तोंड उघडणंच सोडलंय. तहान लागली की पेल्याकडं बोट दाखवतात. 'पाणी म्हणा बघू' असं मी एकदाही म्हटलेलं नाही. पेला भरून देते.