घरच्या मैदानावरचे फटके

ग्रँट्सफर्डच्या कॉलेजात ऑरिन स्टकीला ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण तो तिथून जातच नव्हता. चार वर्षांचं शिक्षण त्याने सहाव्या वर्षापर्यंत ताणलं होतं आणि आता फक्त संख्याशास्त्रात घोडं अडलं होतं. बेसबॉल टीमच्या कोच प्रुइटनी त्याला मदतनीस कोचची नोकरी कबूल केली होती. अट एकच, हातात पदवी हवी. पदवीसाठी संख्याशास्त्र, संख्याशास्त्रासाठी प्रोजेक्ट आणि प्रोजेक्टसाठी विषय. विषय बेसबॉलचाच असणार होता, कारण ऑरिनला जगात दुसरा विषय माहीत नव्हता.

खेळाडू म्हणून त्याने बाकडं झिजवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मग कोचनी त्याला मैदानावरच्या काचेच्या खोलीत बसवून स्कोअरर केलं. बेसबॉलमध्ये हा माणूस साधा नसतो. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला, तर तो फलंदाजाचा फटका धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक, हे अंपायर ठरवत नाही, यजमानांचा स्कोअरर ठरवतो. फटका धरला की फलंदाजाची सरासरी चढते, चूक धरली की घसरते. ऑरिनला आयुष्यात एवढीच सत्ता मिळाली होती आणि ती तो मन लावून भोगत होता.

संख्याशास्त्राच्या हॅल्व्हर्सन मॅडमना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑरिनला तेच सोयीचं वाटलं. पहिल्या भेटीत तो म्हणाला, "सगळ्यात थोर फलंदाज कोण, हा विषय घेतो."

"हा प्रोजेक्ट नाही, बारमधलं भांडण आहे. दुसरा आण."

दुसऱ्या भेटीत त्याने आणलं: न धुतलेले मोजे घालून खेळलं तर फटके वाढतात का?

"आणि मोजे धुतले की नाही, हे कोण तपासणार?"

"मीच, मॅडम."

मॅडमनी उठून खिडकी उघडली.

तिसरा विषय मात्र त्याच्या मते बिनतोड होता. प्रेक्षकांच्या आरोळ्यांमुळे घरच्या मैदानावर फटके वाढतात का? ग्रँट्सफर्डचे प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईबाप, चर्चचे एक झोपलेले फादर आणि हॉटडॉगच्या आशेने फिरणारं कुत्रं. पण आकडे खरोखरच डोळे दिपवणारे होते. बाहेरगावी जेमतेम चालणारी टीम घरी आली की फटक्यांवर फटके लगावत होती.

"आकडे खोटं बोलत नाहीत, मॅडम," ऑरिन म्हणाला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

मॅडम बराच वेळ तक्ता बघत राहिल्या. "घरी तुमच्या धावा वाढतात का रे?"

"नाही, त्या तेवढ्याच राहतात."

"बाद होणं कमी होतं?"

"तेही तेवढंच."

"म्हणजे वाढतात ते फक्त फटके. आणि पाहुण्या टीमच्या चुका इथे जवळजवळ शून्यावर येतात. इथे येऊन ते इतके छान कसे खेळतात?"

"आपलं गवत चांगलं आहे, मॅडम."

"हं. आणि फटका की चूक, हे ठरवतं कोण?"

ऑरिनने कानापर्यंत टोपी ओढली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, याच्या चेहऱ्यावर पडलं होतं.

त्याने कधी मुद्दाम लबाडी केली नव्हती, हेही खरं. पण टेट लुबेक हा टीमचा लाडका फलंदाज आणि टेटची आई मार्लीन दर सामन्याला काचेच्या खोलीत पीचचा पाय, म्हणजे पीचच्या फोडी भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन यायची. ऑरिन खाल्ल्या मिठाला जागणारा होता, इथे तर वर साखरही होती. टेटच्या विक्रमी सरासरीचा फोटो गावातल्या आइस्क्रीमच्या दुकानात लागला होता. तो विक्रम या पायवर उभा होता, हे ऑरिनला मॅडमसमोर बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं आणि त्याला खरोखर लाज वाटली.

"विषय छान आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त त्यातल्या आरोळ्या वगळ आणि स्कोअरर घाल."

"मॅडम, गाव मला जिवंत ठेवणार नाही."

"मग पुढच्या वर्षी परत भेटू."

सातवं वर्ष डोळ्यांपुढे आलं आणि ऑरिनच्या अंगी सत्यनिष्ठा संचारली. त्याने सगळं लिहिलं, पायसकट. मॅडमनी उत्तम शेरा दिला. पदवी हाती पडली.

कोचनी प्रोजेक्ट वाचला आणि टेबलावर आपटला. "शब्द दिलाय, नोकरी तुझी. पण त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तिथे भरवशाचं माणूस पाहिजे."

"मग कोणाला बसवताय?"

"मार्लीनला. तिला खेळातलं कळतं."

पुढच्या मोसमाचा पहिला सामना. टेटने मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या दोन पायांमधून आरामात निघून गेला. बोर्डावर 'फटका' झळकला. आईबापांनी टाळ्या वाजवल्या, फादर दचकून जागे झाले. थोड्या वेळाने वरच्या काचेच्या खोलीतून बाकड्यावर एक कागदी प्लेट आली, नव्या मदतनीस कोचसाठी. पाय अजून गरम होता.

चेंडू निसटला ती चूक होती, हे ऑरिनला दिसलं होतं. असं का होतं, हे तर त्याने स्वतः गणिताने सिद्ध केलं होतं.

"फटकाच होता ना रे?" कोचनी मैदानावरची नजर न हलवता विचारलं.

"हो, कोच. चांगला खणखणीत होता," ऑरिन म्हणाला आणि त्याने काटा उचलला.