वसाहतीच्या थांब्यावरचा कठडा

मला त्या रस्त्याची भीती वाटायची. माजलगावच्या अलीकडे, चालत गेलं तर तासाभरावर, कारखान्याच्या कामगारांची वसाहत होती आणि वसाहतीच्या फाटकाला घासूनच तो रस्ता जायचा. आमच्या गावी, कोल्हापूरकडे नदीकाठी, लेकरांना पाण्याची भीती घालायचे. इथं पाणीच नव्हतं. इथं रस्ता होता.

हे साखर कारखान्यात पॅनमन होते. म्हणजे रस शिजत असताना साखरेचा दाणा कधी धरतो ते नजरेनं ओळखायचं काम. त्या कामाची माणसं तेव्हा आमच्याकडून मागवायचे, म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. मी पाचवीतून शाळा सोडलेली. धाकटी भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून सोडली, कुणी मारून सोडवली नाही. पण त्याचा परिणाम असा की चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की वाटायचं, आता कुणीतरी विचारणार, बाई, तुम्ही कितवी शिकलात.

हंगामात रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या जायच्या, आणि ट्रॅक्टर, एकेकाच्या मागं दोन दोन ट्रॉल्या. कडेला चालायला जागा अशी नव्हतीच. डांबर संपलं की एकदम वीतभर खाली खचलेली माती आणि पुढं बाभळी. ट्रॉलीला वाट द्यायला सायकलवाला खाली उतरायचा आणि सायकलसकट आडवा व्हायचा. मी पोरीला घेऊन दुकानापर्यंत जरी गेले तरी घरी येईस्तोवर माझं ब्लाउज पाठीला चिकटलेलं असायचं.

मग दुष्काळ पडला. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. धरण तळाला गेलं, ऊस उभा वाळला, आणि जो हिरवा राहिला तो जनावरांच्या छावणीला गेला. कारखाना दिवाळीनंतर सुरू झाला आणि संक्रांतीलाच बंद पडला. चिमणीतून धूर निघत नाही हे बघूनच वसाहतीतली माणसं हळू बोलायला लागली. ह्यांना साखरेचं काम उरलं नाही, तर पाण्याच्या पंपावर लावलं. पहाटे जायचे, कधी यायचे त्याचा नेम नसायचा.

त्याच उन्हाळ्यात रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. कामावरचे साहेब भले होते. वसाहतीच्या सोसायटीच्या ऑफिसात त्यांनी बैठक बोलावली, म्हणाले, तुमचाच रस्ता आहे, तुम्हाला काय पाहिजे सांगा.

"रुंद करा साहेब," सोसायटीचे एक सभासद म्हणाले. "लई रुंद. दोन ट्रॉल्या आरामशीर गेल्या पायजेत."

आमच्या शेजारच्या मावशी मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या केजकडच्या. मुलगा कारखान्यात वॉचमन होता आणि त्या स्वतः रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या.

"ट्रॉल्या जातील हो," मावशी म्हणाल्या. "आमी कुठून जायचं? ट्रॉलीत बसून?"

"मावशी, तुमी कधी मेंबर झाल्या?"

"मेंबर कशाची व्हते बाबा. पर खडी मीच फोडायले न्हवं? जिथं फोडते तिथनं चालू तरी द्या."

सगळे हसले. मावशींनी मला कोपर मारलं. "ही बघा, कोल्हापूरची. हिची पोरगी औंदा शाळंत जायची हाय. बोल गं माय."

मी उभी राहिले. सगळी तोंडं माझ्याकडं वळली आणि मनात जुळवलेलं सगळं गेलं. "सायकलवाले पण," एवढंच बोलले आणि खाली बसले. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या तोंडचं कुणी लिहून घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे उपकार मी विसरले नाही.

जूनपर्यंत आमच्या बाजूची पट्टी झाली. चांगला मुरूम दाबून चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी जागा केली, कडेला चुना लावलेले दगड. पलीकडची निम्मी बाजू खणलेली होती, तिथं डांबराची पिंपं आणि खडीचे ढीग, त्यामुळं सगळ्या गाड्या एकाच बाजूनं अडखळत जायच्या. फाटकासमोर बसचा थांबा झाला. उंच ओटा, वर पत्रा, आणि ओट्याच्या कडेनं लोखंडी पाइपचा कठडा. रांगेच्या शेपटाकडून आत शिरायचं, एकामागं एक उभं राहायचं आणि बसच्या दारासमोरच्या फटीतून बाहेर पडायचं. पुढचं टोक बंद, पुढून कुणी घुसू नये म्हणून. वसाहतीला त्या रांगेचा फार अभिमान वाटायला लागला. ज्यांनी जन्मात रांग धरली नव्हती ते दुसऱ्याला रांग शिकवू लागले.

आता आधीची रीत सांगायला पाहिजे. आधी बस हात केला की कुठंही थांबायची. गाडी भरलेलीच यायची आणि दाराशी झोंबाझोंबी. म्हणून शहाणी बाई दाराकडं जायची नाही. ती पलीकडून जाऊन खिडकीतून आत काहीतरी टाकायची. रुमाल, टोपी, पिशवी. ज्याचं सामान त्याची जागा, हे सगळे मानायचे. आणि लेकरू लहान असलं तर लेकरूच खिडकीतून आत द्यायचं. दारात चिरडू नये म्हणून, आणि जागाही धरून ठेवतं म्हणून. मग बाई फेरा घालून दाराशी यायची. ड्रायव्हर थांबायचा, कारण त्याला ठाऊक असायचं की निम्म्या बायांची पोरं आत आहेत.

पोरीचं नाव माजलगावच्या शाळेत पहिलीत घालायचं होतं तो दिवस. हे पंपावर. मी तिला गुलाबी फ्रॉक घातला, तिच्या गळ्यात कापडी पिशवी अडकवली, पिशवीत जन्माचा दाखला. थांब्यावर रांग पत्र्याबाहेर गेलेली. बस आली ती वाकलेली. मला वाटलं, या गर्दीत पोर दारातच घुसमटेल. दुसरं काही सुचलं नाही. मी बसला वळसा घालून पलीकडं गेले. एका खिडकीजवळचं माणूस उतरायला उठलं, ती जागा रिकामी दिसली. पोरीला उचललं आणि आत दिलं.

"हलू नको," मी तिला सांगितलं. "कुणीही म्हटलं तरी उठायचं नाही. मी आलेच."

बसच्या नाकापुढून फिरून मी ओट्याशी आले, आणि समोर कठड्याचं बंद टोक. दार हातभरावर, मध्ये पाइप, माझ्या गळ्याइतका. खालून शिरायला वाकले तर खाली दुसरा पाइप. मग मी शेपटाकडं धावले आणि माणसांच्या बाजूनं आत घुसायला लागले.

"ओ बाई, रांगेत या," एकानं हात आडवा घातला.

"माझी पोरगी आत आहे."

"समद्यांच्याच पोरी आत हायेत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जो तो रांग मोडायला हेच सांगत असणार. मी पुन्हा म्हटलं, खरंच आहे हो. तोवर दोनदा घंटी वाजली. बस भरली होती, मागं टँकरनं हॉर्न लावलेला. ड्रायव्हरला वाटलं असणार, आता रांग आहे, खिडकीतून पोरं देण्याचे दिवस गेले. बस निघाली. मी ओरडले, पण हॉर्नपुढं माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

पुढची बस दोन तासांनी. मी पट्टीवरून पळत सुटले. चप्पल कुठं पडली कळलं नाही. डोक्यात एकच, ती वाटेतल्या फाट्यावर उतरेल. तिला शोधायला म्हणून ती उतरेल, आणि समोर ट्रक असतील.

मागून सायकल आली. दूध संघाचा माणूस, रोज सकाळी गावोगावचं दूध गोळा करून डेअरीला नेणारा. दोन्हीकडं कॅन लटकलेले.

"ताई, काय झालं?"

"पोरगी. गाडीत."

"गाडीत हाय ना? मंग बरंच हाय की. गाडीखाली न्हाई ना."

मी रडायला लागले तसं त्याचं तोंड उतरलं. त्यानं कॅन काढले, थांब्यापाशी खडी फोडत बसलेल्या मावशींना हाक मारली, "मावशी, हे बघा जरा." मग मला म्हणाला, "बसा मागं." मी तशीच उभी. परक्या माणसाच्या सायकलवर मी कधी बसले नव्हते, आणि सगळी रांग बघत होती.

"कावून थांबल्या? माझी बायको बी बघायली असंल त्या रांगेतून. बसा तुमी."

मी बसले. रस्त्यावर चाऱ्याचे ट्रक आणि पाण्याचे टँकर एकामागं एक अडकून पडले होते, आम्ही मात्र पट्टीवरून सरळ जात होतो. बस पुढं कुठंतरी होती, दिसत नव्हती. प्रत्येक ट्रकच्या चाकाखाली मी बघत होते. नको म्हटलं तरी मान तिकडंच वळायची.

फाट्यावर चहाच्या गाडीवाल्याला त्यानं विचारलं, "लहान पोरगी उतरली का रं गाडीतून?"

"न्हाई बा. उतरवीत व्हते कुणाला तरी, रडायचा आवाज आलता. मंग गेली गाडी."

म्हणजे काय, ते त्याला सांगता येईना. छावणीपाशी गर्दीत गुलाबी काहीतरी दिसलं आणि मी चालत्या सायकलवरून उडी मारली. गुडघा फुटला. ती दुसऱ्याच कुणाची तरी पोर होती, आईच्या कडेवर. पुन्हा बसले. तो माणूस पायडल मारत राहिला. त्याच्या शर्टाची पाठ भिजून काळी झाली होती.

माजलगावच्या बसस्टँडात शिरलो तेव्हा बस लागलेली होती आणि उतारू गेले होते. दारात कंडक्टर उभा. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "या बाई. तुमचीच ना ही?"

ती त्याच जागेवर होती. दोन्ही हात बाकावर आडवे पसरलेले, बोटं पांढरी पडलेली. समोरच्या बाकाला टेकून एक म्हातारी उभी होती. तिचं गाव आलं होतं, तरी ती गेली नव्हती.

"जरा टेकू दे म्हनलं माय," म्हातारी मला म्हणाली, "तर म्हनती आईची जागा हाय. पार उभी आले बग मी."

कंडक्टर म्हणाला, "फाट्यावर रडायला लागली तवा कळलं, संगं कुनी न्हाई. फाट्यावर ओळखीच्या मानसापाशी बसवावी, मागल्या गाडीनं आई येईल म्हनलं. तर बाकडं सोडंना. चावली मला." त्यानं मनगट दाखवलं.

पोरगी रडत नव्हती. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "आई, आता उठू का?"

मी तिला उचललं. फ्रॉक मागून ओला होता, बाकडंही. मला लाजही वाटली नाही. कंडक्टरनं तिकिटाच्या पेटीतला जुना पेपर काढून बाकड्यावर पसरला आणि म्हणाला, "जा. शाळंत नाव घालायचंय म्हनली ती. येळ हाय अजून."

स्टँडामागं उन्हात उभं राहून मी फ्रॉकचा घेर हातात धरून वाळवला. आभाळात ढग नव्हता, लगेच वाळला. शाळेत नाव घातलं. सही करायला पोरीचा हात सोडवेना, म्हणून मास्तरांना वाटलं मला लिहिता येत नाही, त्यांनी शाईचा पॅड पुढं केला. मी सहीच केली.

दुधाचे कॅन दुपारपर्यंत ओट्यावरच राहिले होते. मावशी म्हणाल्या, "आला व्हता, घेऊन गेला. दूध फाटलं म्हनत व्हता. पर तुज्यावर रागावला न्हाई." दुसऱ्या दिवशी तो फाटकावरून चालला तेव्हा मी तांब्या घेऊन उभी राहिले. पाणी चार दिवसांनी यायचं तेव्हा, माझ्याकडं दुसरं द्यायला काही नव्हतं. त्यानं तांब्या तोंडाला न लावता वरून दोन घोट घेतले आणि बाकीचं तसंच परत दिलं. "पोरीला ठिवा," म्हणाला. त्याच्या फाटलेल्या दुधाचं मला बोलायचं होतं, ते राहिलंच.

मग शाळेचा पहिला दिवस आला. मी पोरीला घेऊन रांगेच्या शेपटाशी उभी राहिले. बस आली, भरली. आतून एका ओळखीच्या बाईनं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले. "द्या वहिनी तिला हिकडं, मी धरते." चांगल्या मनानंच म्हणाली ती. पोरगी माझ्या मागं सरकली आणि ओट्याच्या खांबाला मिठी मारून राहिली. मी नको म्हटलं. बस गेली.

आम्ही पट्टीवरून चालत निघालो. ट्रक जवळून गेला की पदर ओढल्यासारखा व्हायचा, आणि मी तिला दगडांच्या आत लोटायची. शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती.

"पहिल्याच दिवशी उशीर," मास्तर म्हणाले. "बस न्हाई का तिकडून?"

"आहे," मी म्हटलं. "आम्ही चालत आलो."

त्यांनी तिला आत घेतलं. मला घरी जाऊन पाणी भरायचं होतं, त्या दिवशी आमच्या ओळीची पाळी होती. पण दुपारी ती बाहेर येईल आणि मी दिसणार नाही, हे मनातून जाईना. शाळा सुटेपर्यंत मी शाळेच्या फाटकासमोर झाडाखाली बसून राहिले. पाणी येऊन गेलं. मावशींनी त्यांच्यातलं दोन घागरी पाणी माझ्या दारात ठेवलं होतं.