तेल घातलं का

वहिनींनी मला वाचवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना माझं तोंड कडू होणार आहे, आणि त्यात त्यांचं राहून जायला नको. नाव लिहीत नाही. त्या अजून कलकत्त्यात बालीगंजलाच राहतात, आणि साहेबही त्याच घरात राहतात.

मी नववीतून शाळा सोडली. कराडला वहिनींच्या भावाच्या गॅरेजात हाताखाली होतो. ते बंद पडलं तेव्हा वहिनींनीच मला इकडे कलकत्त्यात, ओळखीच्या एका गॅरेजात चिकटवून दिलं. मालक बंगाली, मिस्त्री बंगाली नाहीतर बिहारी, मराठी मी एकटा. माझ्याकडे आयटीआयचा कागद नाही. मालकांनी घेतलं ते वहिनींच्या शब्दावर, आणि पुढे ठेवलं ते माझ्या हातून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत येत नव्हती म्हणून. अशा माणसाचं एकदा नाव गेलं की दुसऱ्या गॅरेजच्या दारात दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. ही भीती मला तेव्हाही होती, आताही आहे.

साहेब म्हणजे वहिनींचे मिस्टर. सेक्टर फाइव्हमध्ये, एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. गाड्यांचा शौक. त्यांच्याकडे एक जुनी जपानी गाडी होती, रोटरी इंजिनची. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. हिच्यात तीन कोपऱ्यांचा रोटर गोल फिरतो. त्या कोपऱ्यांवर पातळ पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. त्या आतून सारख्या घासत राहतात म्हणून त्यांना ओलावा लागतो. त्यासाठी एक छोटा पंप दिलेला असतो, तो इंजिनातलंच ऑइल थेंबथेंब आत सोडतो.

हा पंप म्हातारा झाला होता. त्याच्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या नखानं दाबल्या तरी तुटत होत्या, आणि पार्ट इथे मिळत नव्हता. साहेबांनी कुठेकुठे वाचलं, लोकांना विचारलं आणि ठरवलं, पंप काढूनच टाकायचा. त्याऐवजी पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं, पूर्वी टू-स्ट्रोक मोटरसायकलला मिसळायचे तसं. मलाही ते पटलं. इंजिनातलं काळं झालेलं ऑइल आत जाण्यापेक्षा कोरं गेलेलं बरं. मी एवढंच म्हणालो, "साहेब, मग एकदासुद्धा विसरून चालायचं नाही."

"तू आहेस की," साहेब म्हणाले.

काम मी केलं. पंप उतरवला, त्याच्या जागी प्लेट कापून गॅस्केट लावून बसवली, नळ्या काढल्या, त्यांची तोंडं बंद केली. गाडी तासभर चालू ठेवली. मालकांनी खालून बोट फिरवून पाहिलं, बोट कोरडं निघालं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याचाही राग येतो.

रीत अशी ठरली: पेट्रोल घ्यायच्या आधी टाकीत मापानं टू-टी ओतायचं, वरून पेट्रोल. बाटली डिकीत. रविवारी सकाळी साहेब गाडी काढायचे तेव्हा मी जाऊन ओतायचो, आणि वहिनींची पोळी-भाजी खाऊन यायचो. साहेबांचा मुलगा तेव्हा झोपलेला असायचा.

त्या मुलावरून मला साहेबांचा एक हुकूम होता. पोरगा इथेच जन्मला, इथेच कॉलेजात जातो. बंगाली फर्डं, इंग्रजी फर्डं, मराठी अडखळत. "तू त्याच्याशी मराठीतच बोलायचं," साहेब म्हणायचे. "मध्ये इंग्रजी घुसडायचं नाही. आपल्याकडची भाषा पडू दे त्याच्या कानावर." मी तसंच बोलायचो. तो मला दादा म्हणायचा. "दादा, तुमचा मराठी खूप फास्ट आहे," म्हणून हसायचा.

मग साहेब कंपनीच्या कामाला परदेशी गेले ते चांगले दोन-अडीच महिने. मुलगा दर रविवारी मित्रांना घेऊन हायवेला जाऊ लागला. मला म्हणाला, तुम्ही येऊ नका, मी सगळा करतो. माझा जीव थाऱ्यावर राहीना. कुलूप लावून परत परत ओढून बघणारा माणूस मी. म्हणून शनिवारी फोन करायचो.

"तेल घातल्याशिवाय गाडी काढू नकोस हं. तेल आधी."

"हो दादा. तेल आधी."

"कमी पडायला नको. थोडं जास्त झालं तर चालेल."

"जास्तच घालतो. टेन्शन नका घेऊ."

पुढच्या शनिवारी परत. "मागच्या वेळी तेल घातलं होतंस ना?"

"घातला, दादा. तुम्ही आईपेक्षा जास्त विचारता."

मागून वहिनींचा आवाज आला. "अरे, तो काळजीनं विचारतोय, नीट सांग त्याला." फोन स्पीकरवर होता. त्या पोळ्या लाटत असाव्यात, लाटण्याचा आवाज येत होता.

साहेब परत आले तोवर गाडी संपली होती. आधी गरम असताना चालू होईना, मग गारसुद्धा होईना. ओढून गॅरेजात आणली. इंजिन खोललं तर सील झिजून गेलेले, आतल्या भिंतीवर ओरखडे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बरोबर मुलगा, मागे वहिनी. तिघं कुठल्यातरी लग्नाला निघाले होते. साहेबांनी उघडं इंजिन पाहिलं आणि मालकांना हिंदीत म्हणाले, यानं पंप काढताना घोळ घातलाय. मग माझ्याकडे वळून मराठीत. "नववी नापास माणसाच्या हातात मी इंजिन दिलं. चूक माझीच."

मी नापास झालो नव्हतो. शाळा सोडली होती. पण हे तिथे कुणाला सांगायचं? त्यापुढे ते जे बोलले ते लिहीत नाही. मराठीत बोलले, म्हणून गॅरेजातल्या माणसांत ते मला एकट्यालाच पुरतं कळलं.

मी म्हणालो, "साहेब, पंपाचं काही नाही. तेल घातलेलं नसणार."

"घातला होता," मुलगा म्हणाला. "प्रत्येक वेळी. टाकी बघा ना."

मालकांना आमच्या बोलण्यातला तेल तेवढा एक शब्द कळला. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, वाकून पाहिलं. "तेल तो आछे," म्हणाले. तेल तर आहे.

मी जाऊन डिकी उघडली. इथे पेट्रोललाच तेल म्हणतात. मीसुद्धा गॅरेजात दिवसभर तेच म्हणतो. पण मराठी बोलायला लागलो की डोकं कराडला जातं, आणि कराडच्या डोक्यात तेल म्हणजे तेल आणि पेट्रोल म्हणजे पेट्रोल. पोरानं मी सांगितलं तसं इमानानं दर रविवारी टाकी भरली होती. थोडी जास्तच. डिकीत टू-टीची बाटली बूच न उघडता पडून होती.

मी सगळं सांगितलं, मालकांनाही कळावं म्हणून हिंदीत. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, "ऑइल म्हणता येत नव्हतं? एवढंही इंग्रजी येत नाही तुला?"

हुकूम तुमचाच होता, हे अगदी ओठावर आलं. गिळलं. साहेब मालकांना म्हणाले, याला ठेवणार असाल तर तुमच्या गॅरेजबद्दल मला चार लोकांना सांगावं लागेल. मालक माझ्याकडे बघेनात, फडक्यानं हात पुसत राहिले. पुसून झालेले हात.

तेव्हा वहिनी पुढे आल्या. लग्नाची साडी, खाली ऑइलचे डाग. त्यांनी पदर उचलूनही धरला नाही. मालकांशी बंगालीत बोलल्या, शांतपणे. मला बंगाली येतं तेवढ्यावर कळलं ते असं: फोन मी ऐकला आहे. हा दर आठवड्याला विचारत होता. याला मराठीतच बोल असं आमच्या घरातून सांगितलेलं होतं.

"तू मध्ये पडू नकोस," साहेब म्हणाले. "तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत," वहिनी म्हणाल्या. "मराठी कळतं." आणि मुलाकडे वळल्या. "तू बोल. विचारलं होतं ना यानं?"

मुलगा मोबाइलकडे बघत "हां" म्हणाला.

मालकांनी मला ठेवलं. पण वहिनींनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मी आधीच सांगितलं होतं. माझ्या तोंडून ती सबब होती, त्यांच्या तोंडून ती साक्ष झाली. नोकरी राहिली याचा आनंद मी बरेच दिवस शोधला. सापडला नाही.

साहेबांनी गाडी दुसरीकडे नेली. आता इथली मराठी माणसं गणपतीला जमतात तेव्हा गोष्ट अशी रंगते, की गॅरेजातल्या एका पोरानं पंपच काढून फेकला आणि इंजिन खाल्लं. पंप काढायला कुणी सांगितलं, ते गोष्टीत नसतं. हसतात सगळे. मी गणपतीला जायचं सोडलं. वर्षात तेवढंच पोटभर मराठी कानावर पडायचं.

मध्यंतरी वहिनी गरियाहाटच्या बाजारात दिसल्या. एकट्या होत्या, म्हणून थांबल्या.

"काम नीट चाललंय ना?"

"चाललंय वहिनी. माझ्यापायी तुम्हाला घरी..."

त्या परवल निवडत होत्या. एक उचललं, परत ठेवलं. "घरी तो विषय निघत नाही," म्हणाल्या. "आता कुठलाच फारसा निघत नाही." मग पिशवी हातात घेत म्हणाल्या, "जेवायला ये म्हणायची सोय राहिली नाही रे. आईला फोन करत जा."

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी अजून रविवारी वहिनींकडे पोळी-भाजी खातो.

वहिनी, माझ्यासाठी बोललात ते तुम्हाला घरात भोवतंय, हे मला कळतं. पैशानं फिटण्यातलं हे नाही. उद्या तुमचं म्हणणं कुणी खरं धरत नसेल, घरात, पाहुण्यांत, कुठेही, तर मला बोलवा. माझ्या शब्दाला वजन नाही, आणि मी घाबरट आहे. तरी येईन, साहेबांसमोर उभा राहीन आणि जे ऐकलं-पाहिलं ते मोठ्यानं सांगेन. वेळ कधी येईल ते माहीत नाही, पण हे मी फेडणार आहे.